गुरुजींच्या गाडीचा चौथा दिवस

आमच्या दवाखान्यात हाडांच्या विभागात प्लास्टर घालणाऱ्या माणसाला सगळे गुरुजी म्हणतात. शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच तुटला, पण शिकवायची खोड काही गेली नाही. शेजारच्या खोलीत मी एक्स-रे काढते, त्यामुळे त्यांचं प्रवचन मला तोंडपाठ आहे. मोटरसायकलवरून पडलेला माणूस टेबलावर आला की पहिला प्रश्न ठरलेला. "नवी का?"

बहुतेक नवीच असायची. मग पट्ट्या भिजवून पायावर बसेपर्यंत शिकवणी चालायची. हेल्मेटचा पट्टा लावला होतात, की नुसतं टोपीसारखं डोक्यावर ठेवलं होतं? साइड स्टँड वर घेतला होतात? वळताना नजर कुठे होती, चाकापुढे की रस्त्यावर लांब? हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही, गाडी आडवी होते. आधी रिकाम्या मैदानात आठ काढायचे. आणि पहिला महिना मागे कोणालाही बसवायचं नाही, बायकोला तर मुळीच नाही. कण्हणारा माणूस बिचारा हो हो म्हणायचा. पळून जायला पाय कुठे होता?

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. गुरुजींनी सव्वीस वर्षं पुढच्यांच्या ठेचाच बघितल्या होत्या, पण स्वतः यायचे सायकलवर. आम्ही चिडवायचो, "गुरुजी, पोहायला पुस्तकातून शिकलात वाटतं!" चिडवण्यात मीच पुढे होते, हे आधीच सांगून टाकते. शेवटी चोपन्नाव्या वर्षी परवाना काढून त्यांनी काळी मोटरसायकल घेतली.

तीन दिवस सगळं आपल्याच पोथीप्रमाणे केलं. गोदामामागच्या मैदानात आठ काढले, गाडी पुसून झाकून ठेवली, कामावर सायकलनेच आले. चौथ्या दिवशी वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, रक्तदाब तपासायला दवाखान्यात यायचं होतं. बस दारावरून जाते. पण दोघं मोटरसायकलवरून फाटकातून आत येताना आम्ही सगळ्यांनी बघावं, ही त्यांची हौस. हेल्मेट दोघांनाही होतं, तेवढं बरं.

आम्ही काही बघितलं नाही. फाटकाच्या अलीकडच्या वळणावर बांधकामाची वाळू सांडलेली होती, समोरून हातगाडी आली आणि हँडल वळलेलं असताना गुरुजींनी पुढचा ब्रेक करकचून दाबला. गाडी उजवीकडे आडवी झाली. गुरुजी बाजूला पडले, त्यांना खरचटलंसुद्धा नाही. दोन्हीकडे पाय टाकून बसलेल्या वहिनींचा उजवा पाय गाडीखाली सापडला.

हे मला नंतर कळलं. त्या सकाळी मला दिसलं ते एवढंच, की गुरुजी वहिनींना चाकाच्या खुर्चीतून आणतायत.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाथरूममध्ये पाय घसरला," वहिनी चटकन म्हणाल्या.

गुरुजींनी वाकून खुर्चीचा ब्रेक लावला.

मी एक्स-रे काढला. घोट्याचं हाड मोडलं होतं, पण जागेवर होतं. डॉक्टरांनी फिल्म बघून कच्चं प्लास्टर सांगितलं आणि ते दुसऱ्या पेशंटकडे गेले. मी फिल्म ठेवायला प्लास्टरच्या खोलीत गेले, तर गुरुजींनी वहिनींचा कपडा गुडघ्यापर्यंत वर सारला होता. पोटरीच्या आतल्या बाजूला काडेपेटीएवढा डाग होता, कडेला लाल, मध्ये पांढरट. असले डाग मी खूप पाहिलेत. सायलेन्सर. बाथरूममध्ये कुठला आलाय सायलेन्सर?

भाजलेल्या कातडीवर न सांगता प्लास्टर चढवायचं नाही, आधी डॉक्टरांना दाखवायचं, हे गुरुजी दर नव्या नर्सला शिकवतात. आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दाराबाहेरच्या बाकाकडे. बाकावर सात-आठ जण बसलेले, त्यातल्या दोघांनी मागच्याच आठवड्यात त्यांची शिकवणी ऐकलेली. वहिनी नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या. लवकर गुंडाळा म्हणतायत, असं मला वाटलं. गुरुजींनी डागावर कापसाचा दुप्पट थर ठेवला आणि पट्टी भिजवायला घेतली. त्यांचे कान लाल झाले होते.

मी तोंड उघडायला हवं होतं. पण म्हटलं, कशाला भल्या माणसाची अब्रू काढा. फिल्म ठेवून मी बाहेर आले. त्या दिवसाची आठवण झाली की अजून मला माझीच लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी वहिनी अंगात ताप घेऊन आल्या. गुरुजींनी कात्रीने पट्टी कापली, कापूस उचलला आणि आम्हाला वास आला. डॉक्टर वाकले, जखम बघून सरळ झाले.

"हे कशाने भाजलं? आणि मला न दाखवता झाकलं कोणी?"

मी वहिनींकडे बघितलं. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. दार उघडं होतं, बाकावरचे माना वळवून ऐकत होते.

"सायलेन्सरने," गुरुजी म्हणाले. मग मोठ्याने पुन्हा म्हणाले. "सायलेन्सरने भाजलंय. बाथरूम वगैरे काही नाही. गाडी घेऊन चार दिवस झाले नाहीत तोवर हिला मागे बसवलं. वळणावर पुढचा ब्रेक दाबला, पाडली. डाग दिसला होता मला. लोक हसतील म्हणून झाकला."

"मलाही दिसला होता," मी म्हटलं. फार उशिरा म्हटलं, आणि पुटपुटतच म्हटलं.

हसलं कोणीच नाही. हसले असते तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी स्वतः जखम धुवायला घेतली, आणि तीन दिवस हूं की चूं न केलेल्या वहिनी ओक्साबोक्शी रडायला लागल्या.

"फार दुखतंय का गं?" गुरुजींनी विचारलं.

"दुखण्याचं काय घेऊन बसलात," वहिनी म्हणाल्या. "बाथरूम असं बोलून गेले मी पटकन. वाटलं, तुम्ही लगेच म्हणाल, नाही हो, माझ्या हातून पडली. इथे टेबलावरसुद्धा तुमच्या तोंडाकडे बघत होते. तीन दिवस वाट बघितली मी."