तिसऱ्या ओळीपाशी

डॅनी गेल्याची बातमी मला आमच्या चर्चमधल्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाली. वर सकाळचं वचन, त्याखाली कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक आणि त्याखाली, 'बंधू दानिएल आढाव प्रभूमध्ये झोपी गेले.' मी ते वाक्य पुन्हा वाचेपर्यंत खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. शांतावहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन नंतर आला. म्हणाल्या, भाऊजी, आधी तुम्हालाच करणार होते, पण पाळकसाहेबांनी ग्रुपवर टाकून दिलं. मी म्हटलं, असू दे वहिनी. इतक्या वर्षांचा दोस्त गेल्याचं मला केकखाली कळावं, याचं वाईट वाटलं होतं. पण ते काहीच नव्हतं, असं दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी भांडुपच्या आमच्या चर्चमध्ये त्याची शवपेटी वेदीपुढे ठेवली होती. बाजूला त्याची पायपेटी, हिरव्या कापडाखाली झाकलेली. पायानं भाता मारत वाजवायचा जुना ऑर्गन तो. तरुणपणापासून दर रविवारी डॅनी त्यावर बसायचा आणि मी शेजारी उभा राहून गीत उचलायचो. आज पेटीवर कुणी नाही, म्हणून मी मनाशी सूर धरून ठेवला होता. साथीशिवाय म्हणायचं, डॅनीसाठी एवढं करायचंच, असं ठरवून आलो होतो. पाळकसाहेब म्हणाले, आपण गीत गाऊ. मी तोंड उघडलं… आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून डॅनी वाजवायला लागला.

दुसऱ्या कुणाचा हात असता तर मला कळलं नसतं असं नाही, पण हा हात ओळखायला मला पहिला सूरही लागला नाही. त्या पेटीची डावी पट्टी पायाखाली कुरकुरते, ती कुरकुर आधी ऐकू आली. मी मागे वळून पाहिलं. कुणीही चमकलं नव्हतं. सगळे पुस्तकं उघडून, नाहीतर पडद्यावर बघून, शांतपणे गायला लागले होते. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला रडू आवरलं नाही. मला रडू आलं नव्हतं, मला राग आला होता.

या रागाचं कारण सांगायचं तर मागे जायला हवं. डॅनी टेलिफोनच्या ऑफिसात होता आणि मी मुलुंडच्या शाळेत मास्तर. नवीन यंत्र दिसलं की त्याचे डोळे चमकायचे. मंडळीत मोबाइल पहिला त्याच्याकडे आला, पवित्र शास्त्र फोनमध्ये पहिलं त्यानंच घेतलं, आणि मी नको नको म्हणत असताना माझ्याही फोनमध्ये तेच घालून दिलं. पाळकसाहेब अध्याय सांगायचे, मी पानं उलटत असायचो, तोवर हा अंगठ्यानं तिथं पोचून माझ्याकडे बघून हसायचा. मी म्हणायचो, तुझ्या शास्त्राची बॅटरी संपेल तेव्हा बघू. एकदा खरंच संपली. तेव्हा माझ्या पुस्तकात डोकं घालून वाचताना मात्र त्याला काही लाज वाटली नाही. दानाच्या थैलीवर तो चौकोनी कोड चिकटवला तेव्हा मी महिनाभर कुरकुरत होतो. डॅनी म्हणाला, "देवाला नोटाच लागतात असं कुठं लिहिलंय रे?"

पण पेटीच्या बाबतीत तो माझ्या बाजूचा होता, निदान मी तसं धरून चाललो होतो. आमची दोस्ती त्या पेटीवरच झाली. माझा दम लहानपणापासून तोकडा. सांजेच्या उपासनेला आम्ही जे गीत म्हणतो, त्याची तिसरी ओळ लांबलचक आहे, मध्ये श्वास घ्यायला जागाच नाही. पहिल्यांदा मी ते उचललं तेव्हा तिसऱ्या ओळीत माझा आवाज फाटला. पुढच्या कडव्याला डॅनीनं ऐन त्याच जागी डाव्या हाताचा सूर तसाच धरून ठेवला, मी श्वास घेईपर्यंत. बोलला काहीच नाही. मग ते तसंच रूढ होऊन गेलं. आमच्या मंडळीतली पोरंसोरंही ते गीत त्या थांब्यासकटच शिकली. बाहेरून आलेला पाहुणा तिथं एकटाच पुढे जातो आणि ओशाळतो. वयाबरोबर माझा श्वास आणखी आखूड होत गेला तसा डॅनीचा थांबाही थोडा थोडा वाढत गेला. "बेन्या, आणखी थोड्या वर्षांनी मी मध्ये चहा पिऊन येईन," असं तो म्हणायचा. दर शनिवारी संध्याकाळी मी त्याच्या घरी जायचो. घरच्या हार्मोनियमवर दुसऱ्या दिवशीची गीतं काढायची, वहिनींच्या हातचं काहीतरी खायचं आणि मंडळीतल्या लोकांची यथेच्छ निंदा करून, शेवटी त्यांच्यासाठीच प्रार्थना करून उठायचं, असा शिरस्ता.

लॉकडाऊनमध्ये उपासना फोनवर आली. प्रभुभोजनाला घरोघरी चपातीचा तुकडा आणि काळ्या द्राक्षांचा रस. डॅनी तांदळाच्या डब्याला फोन टेकवून हार्मोनियम वाजवायचा. आमच्यापर्यंत सूर उशिरा पोचायचा, आमचा आवाज त्याच्यापर्यंत आणखी उशिरा, आणि प्रत्येक घर आपापल्या गतीनं देवाची स्तुती करत असायचं. कुणाच्या तरी कुकरची शिट्टीही त्यात असायची. तिसऱ्या ओळीशी तो थांबायचा, पण माझा श्वास तोवर कुठल्या कुठे गेलेला असायचा. एकदा उपासना संपल्यावर त्यानं फोन केला आणि म्हणाला, "बेन्या, यंत्राला वाजवता येतं रे. थांबता येत नाही."

हे त्याचं वाक्य मी गाठीला बांधून ठेवलं. पुढे दोनेक वर्षांनी कमिटीनं ठराव आणला की सगळी गीतं भरलेलं एक यंत्र घ्यावं. डॅनीचं वय झालंय, मागे वाजवणारं कुणी नाही. शर्ली गायकवाड, जी बँकेतली नोकरी सांभाळून आमचा साऊंड आणि उपासनेचं थेट प्रक्षेपण बघते, तिनं ते नीट समजावून सांगितलं. मी उभा राहिलो आणि डॅनीचं वाक्य सगळ्यांच्या तोंडावर मारलं. डॅनी आहे तोवर या चर्चमध्ये यंत्र वाजणार नाही, असंही बोललो. ठराव बारगळला. डॅनी माझ्या शेजारीच बसला होता. तो खाली स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मला वाटलं, भरून आलंय त्याला.

त्यानंतर शनिवार गळायला लागले. आज डॉक्टरकडे जायचंय. आज वहिनींच्या भावाकडे मुलुंडला. आज जरा पडतो रे. मी मास्तर माणूस, शेकडो पोरांच्या थापा पकडलेल्या, पण ही पकडली नाही, कारण डॅनीकडून थाप येईल असं कधी डोक्यातच आलं नाही. त्या सगळ्या शनिवारी तो शर्लीबरोबर बंद चर्चमध्ये बसून एकेक गीत वाजवत होता आणि ती ते भरून घेत होती. हे मला वहिनींनी दफनानंतर सांगितलं. त्याची बोटं कापायला लागली होती. वाजवणं फार दिवस चालणार नाही हे त्यानं ओळखलं होतं. स्वतःच कमिटीकडे गेला आणि म्हणाला, विकतचं यंत्र नको, मीच वाजवून ठेवतो. फक्त बेन्याला कळू देऊ नका.

"का पण?" मी विचारलं.

"म्हणाले, बेन्या माझ्यासाठी सगळ्यांशी भांडलाय. आता त्याला कोणत्या तोंडानं सांगू?" वहिनी पदरानं चष्मा पुसत होत्या. "तुमच्याजवळ बोला म्हणून मी कितीदा सांगितलं, भाऊजी."

म्हणजे माझ्या निष्ठेचीच त्याला अडचण झाली होती. मी ज्याची ढाल होऊन उभा होतो, तो ढालीमागून केव्हाच निघून गेला होता, आणि सगळी मंडळी मला तिथं एकटं उभं बघत होती. येशूला धरून देणाऱ्या यहूदानं निदान समोर येऊन चुंबन घेतलं होतं, असं त्या दिवशी माझ्या मनात आलं. मेलेल्या मित्राबद्दल असा विचार करणं बरं नाही हे मला कळतं. पण आला, तो लिहितो.

मी चर्चला जाणं सोडलं. घरी टीव्हीवर उपासना बघायला लागलो. यंत्राला विरोध करणारा मी यंत्रासमोर पाय लांब करून बसायचो आणि सूनबाई काही न बोलता चहा ठेवून जायची. एका संध्याकाळी तेच सांजेचं गीत लागलं. तिसऱ्या ओळीशी सूर थांबला, आणि थांबूनच राहिला. मंडळी नेहमीच्या अंदाजानं पुढे गेली, मग अडखळली, मग मागे फिरली. पार विचका झाला. नेट अडकलं असेल म्हणून मी टीव्ही बंद केला. थोडं समाधानही वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात शर्लीचा फोन आला. चाचरतच बोलत होती. सांजेच्या गीताच्या रेकॉर्डिंगमध्ये दोष राहिलाय, तिसऱ्या ओळीत डॅनी अंकलचा हात अडकला असावा, थांबा फार लांबलाय. तो कापून नेहमीएवढा करते, तुमच्या कानावर घालावं म्हटलं.

"नेट नव्हतं ते?" मी विचारलं.

"नाही काका, मूळ रेकॉर्डिंगच तसंय."

"कितव्या कडव्यात?"

"सगळ्याच. प्रत्येक कडव्यात तिथंच, आणि तेवढाच."

थरथरणारा हात प्रत्येक वेळी तेवढाच अडकत नाही. मी म्हटलं, "कापू नकोस. मी येतो रविवारी."

गेलो. पेटीवर तेच हिरवं कापड होतं, मी तिच्या शेजारी माझ्या जागी उभा राहिलो. स्पीकरमधून पट्टी कुरकुरली आणि मी गीत उचललं. तिसऱ्या ओळीशी सूर थांबला. मी श्वास घेतला, पुरता घेतला, छातीत मावेल तेवढा घेतला, तरी सूर तसाच धरलेला होता. माझ्या आजच्या श्वासापेक्षा तो थांबा लांब होता. पुढे माझा दम आणखी कमी होणार, हे धरून त्यानं वाजवून ठेवलं होतं. त्या उरलेल्या जागेत काय करायचं ते मला कळेना. मी नुसता उभा राहिलो आणि मंडळी माझ्याबरोबर थांबली.

माझ्या म्हातारपणाची इतकी पुढची सोय करणाऱ्या माणसाला एका शनिवारी दार उघडून, बेन्या, माझे हात कापायला लागलेत, एवढं सांगता आलं नाही. ते मी अजून त्याला माफ केलेलं नाही. वहिनींनाही तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, नका करू, पण येत जा. रविवारी संध्याकाळी मी जातो. तिसऱ्या ओळीपाशी तो थांबलेला असतो.