विहीणबाईंनी पोपटी उलटली

साताऱ्याहून निघताना यजमानांनी विचारलं, "पोपटी खायला चाललीस की पत्ते कुटायला?" मी म्हटलं, "दोन्ही!" आणि बॅग उचलली. एकदा खरं सांगून टाकलं की पुढची कटकट वाचते.

माझी लेक पनवेलजवळच्या विचुंब्यात दिली आहे. पनवेलला एसटीतून उतरले, तर न्हावा शेव्याकडे निघालेल्या कंटेनरांनी रस्ता अडवलेला. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, टावरमदी जायचा का गावान?" (उंच इमारतींत की जुन्या गावात.)

"गावात. आज पोपटी आहे आमच्याकडे."

"मंग मना पन बोलवा ना!" (मग मलाही बोलवा.) हसत हसत त्यानं रिक्षा वळवली. माणूस गोड होता, भाडं मात्र गोड नव्हतं.

पोपटी म्हणजे इकडची हिवाळ्यातली चैन. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, ओवा, जाडं मीठ भरायचं, भांबुर्डीच्या (एक रानझुडूप) पाल्यानं तोंड बंद करायचं आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. भाजून झालं की ते केळीच्या पानांवर उलटतात. तो मान मोठा! लेकीच्या सासरी दरवर्षी त्यासाठी पत्त्यांचा डाव होतो आणि जिंकेल तो पोपटी उलटतो. आजवर तीन पत्ती खेळायचे आणि माझ्या व्याह्यांचे थोरले भाऊ काशिनाथदादा जिंकायचे. बायकांना डावात घेत नसत. मडकं भरायचं माझ्या विहीणबाईंनी, म्हणजे सुगंधाताईंनी, आणि उलटायच्या वेळी त्या आत ताटं घेत असायच्या.

गेल्या वर्षीची पोपटी झाल्यावर जावयानं पोकरमधला नवा खेळ आणला, पॉट-लिमिट ओमाहा. प्रत्येकाला चार पानं, मध्ये पाच उघडी. हातातली दोनच घ्यायची आणि मधली तीन. मध्ये जेवढा ढीग असेल तेवढंच जास्तीत जास्त लावता येतं. पैसे नाहीत, सुके वाल लावायचे. जावयानं जाहीर केलं की पुढच्या पोपटीला हाच खेळ आणि त्याला बायकाही बसतील. त्याच दुपारी सुगंधाताईंचा मला फोन. "तुमी मोबाईलवर ह्योच खेलता ना? मना शिकवा. एकदा तरी पोपटी मना उलटायची हाय."

मग काय! वर्षभर दुपारची झोप मोडून मी व्हिडिओवर शिकवलं. एकच गोष्ट घोकून घेतली. चारही पानं एकमेकांच्या मदतीला धावणारी हवीत. एक एक्का आणि तीन उपरे पाहुणे आले, तर मुकाट्यानं पानं टाकायची. पण चांगली चौकडी आली की लपून बसायचं नाही, पहिल्यापासून ढीग वाढवायचा, कारण शेवटी एकदम सगळं लावता येत नाही.

पोहोचले तर त्या दारातच उभ्या. "आलाव एकदाच्या! बघा, हात कसं थंड झालंय."

"थंड हातानं पानं घसरत नाहीत," मी काहीतरी ठोकून दिलं.

ऊन कलल्यावर अंगणात सतरंजी पसरली, पलीकडे मडक्याभोवती पेंढा पेटला. आता माझी फजिती ऐका. दोन राजे बघून मी अशी हरखले, की जोडीला आलेल्या सत्ती-तिर्रीकडे पाहिलंच नाही. वाल गेले आणि बाईसाहेब बाद. जावई गालातल्या गालात हसला. हसू दे मेल्याला! शिकवणं वेगळं आणि खेळणं वेगळं.

एकेक जण गळत शेवटी दोघंच उरले, काशिनाथदादा आणि सुगंधाताई. मी ताईंच्या मागे बसले होते. पानं वाटली आणि त्यांनी ती जरा तिरकी केली. बदामचे राजा-राणी, इस्पिकचे गुलाम-दश्शी. अगं बाई! ओळीनं लागलेली चौकडी, दोन-दोन एका रंगाची. मला ओरडावंसं वाटलं, म्हणून तोंडात पदर धरला.

दादांनी पानं पाहिली आणि मिशीला हात गेला. ढिगाएवढे वाल लावले. सुगंधाताईंनी लगेच वाढवले. दादा म्हणाले, "सुगंधे, दमानं घे. चुलीवरचा रस्सा नाय ह्यो."

"तुमी खेला, दादा," त्या खाली बघूनच म्हणाल्या.

मध्ये नव्वी, अठ्ठी, दुर्री पडली. दादांनी पुन्हा ढिगाएवढे लावले, ताईंनी तेवढेच घातले. चौथं पान सत्ती! गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती, ओळ पुरी झाली. उरलेले सगळे वाल मध्ये गेले. पाचवं पान राजा, त्यानं काहीच बिघडलं नाही.

"ट्रेल!" दादा गरजले आणि हातातले तीन एक्के सतरंजीवर आपटले. जन्मभर तीन पत्ती खेळलेला माणूस, तिथे तीन सारखी पानं सगळ्यांत मोठी, म्हणून तीन एक्क्यांवर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. ते उठले, ओलं पोतं खांद्यावर टाकलं आणि मडक्याकडे निघालेसुद्धा.

"दादा, हातातली दोनच घ्यायची," धाकटा भाऊ, म्हणजे माझे व्याही, हळूच म्हणाले. "तिसरा एक्का फुकट गेला. तुमची नुसती जोडी हाय."

सुगंधाताईंनी पानं मांडली. पाचांची ओळ, जोडीवर भारी! आता भांडण होणार म्हणून मी कंबर कसली, कारण तोंडानं मी कुणाला ऐकत नाही! दादांनी वाकून ओळीतली पानं बोटानं मोजली. मग खांद्यावरचं ओलं पोतं काढून त्यांनी भावजयीच्या हातात दिलं. "जा. जपून, जाम तापलाय."

ताईंनी पोत्यानं मडकं धरलं आणि केळीच्या पानांवर उलटलं. वाफेचा लोट उठला, ओवा आणि पाल्याचा वास अंगणभर झाला. सगळ्यांचे हात पुढे आले, पण उलटणाऱ्यानं पहिली शेंग घ्यायची अशी रीत. सुगंधाताईंनी ती सोलली, फुंकर मारली आणि सगळ्यांसमोर उभ्यानं खाल्ली.

"मीठ बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं गार झाल्यावरच खाल्ली. गरम असताना कशी लागते, ठावूकच नव्हता."

दादांनी मान खाली घातली. मी मात्र खुशाल रडले, लाजायचंय काय त्यात.

परतीच्या एसटीत मी घाट चढेपर्यंत तेच आठवत होते. आजवर पोरांना पाढे शिकवले, लेकीला स्वयंपाक शिकवला, पण छाती अशी कधी फुगली नव्हती. पनवेलला काय पाहिलं म्हणून कुणी विचारलं, तर मी टोलेजंग इमारतींचं नाव काढणार नाही. घरी पोहोचले तर यजमान दारातच. "काय, जिंकलीस का?"

"मी सगळ्यांत आधी बाद झाले," मी चपला काढत म्हटलं, "पण आमची पोपटी सुगंधाताईंनी उलटली!"