कोठीच्या आत बसणाऱ्या बाईचा कान

"काम काय करता?" चंद्रपूरच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही, घरीच असते," मी म्हणाले. शेजारी बसलेल्या नवऱ्यानंही मान हलवली.

बाईंना ते पटलं नाही. बंद खोलीत हेडफोन लावून माझी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी झाली होती. उजव्या कानाची रेघ खाली घसरलेली. "हा मोठ्या आवाजाचा मार आहे. कुठून आला?"

मग सांगावंच लागलं. भद्रावतीत आमचं पत्र्याचं दुकान. धान भरायच्या मोठ्या कोठ्या आम्ही बनवतो. पत्रे जोडायला बाहेरून रिबिटावर, म्हणजे जोडखिळ्यावर हातोडा पडतो, तेव्हा आतून कुणीतरी लोखंडी ठोकळा दाबून धरावा लागतो. कोठीच्या तोंडातून आत शिरेल इतकी बारीक घरात मी एकटीच. लग्न झाल्यापासून मीच आत बसत आले. ठोकणारा तो मिस्त्री, धरणारी ती घरची. हे काम आहे असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

दवाखान्यात आलो त्या आठवड्यात कुरखेड्याकडच्या गिऱ्हाइकांच्या मोठ्या कोठ्या होत्या. कोठीतून बाहेर आले तेव्हा उजव्या कानात रातकिडे किरकिरत होते. सासूबाईंनी लसणाचं कोमट तेल घातलं. किरकिर तशीच, वर पदर तेलकट.

"नॉइज इंड्यूस्ड हिअरिंग लॉस," सगळं ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे आवाजानं आलेलं बहिरेपण. "तेल घालू नका. दुखणं कानाच्या पडद्याच्याही आत, कॉक्लियात आहे." हा कॉक्लिया आतल्या कानातला शंखासारखा वळलेला भाग. त्यात ऐकणाऱ्या केसपेशी असतात. मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत, दमलेल्या सावरू शकतात. मार बसला की रक्तातल्या संरक्षक पेशी, मॅक्रोफेज, तिथे धावतात आणि मेलेलं साफ करतात. त्या धावपळीत सूजही येते, ती आवरायला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या.

"कान किती परत येईल?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. या साफसफाईच्या पेशी नेमकं काय काय करतात, तेही आम्हाला पुरतं ठाऊक नाही. तुम्ही फक्त नवा मार बसू देऊ नका."

मला ते लगेच कळलं. एक पंगत उठली की बाया पत्रावळी उचलतात, जागा पुसतात. त्या पुसत असतानाच कुणी दुसरी पंगत बसवली तर त्या बिचाऱ्या काय करतील?

आठवडा बरा गेला. मग ह्यांचा जीव वरखाली व्हायला लागला. धानाचा सीझन तोंडावर होता.

"एकच कोठी धरून दे नं. कानात कापूस घाल."

"नाई."

"असं काऊन करते? आता परेंत बसतच होती नं?"

माझं डोकं फिरलं. "मंग तुम्ही बसा. घाव मी घालीन."

"मी कुठी मावतो त्यात?"

"डोकं तर मावते!"

खरंच त्यांनी डोकं आणि एक हात आत घालून ठोकळा धरला. मी तीनच घाव घातले, तेही हलके. ते झटकन बाहेर आले आणि कान दाबून ओट्यावर बसले. म्हणाले, "इतका आवाज येते, तं सांगितलं काऊन नाई तुनं?"

मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं. इतकी वर्षं ते माझ्यापासून एका पत्र्याच्या अंतरावर होते.

"आता आत कोणीच बसणार नाई," ते म्हणाले. तेव्हापासून पत्रा सपाट असतानाच रिबिटं मारतो आणि शेवटच्या जोडाला नटबोल्ट लावतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, "बोल्ट गंजते." गंजू दे, बदलता येतो.

पुढच्या तपासणीत रेघ बरीच वर आली होती, पूर्ण नाही. बारीक आवाज उजवीकडून अजून हुकतात. त्याचं वाईट वाटतं, नाही कसं म्हणू?

तुमच्या घरी कुणी असं आत बसत असेल, तर आजच बाहेर काढा. माझ्या कानात साफसफाईला धावलेल्या त्या पेशींना मी कधी पाहिलं नाही, पण मनोमन हात जोडते. त्यांनी जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं. मी एवढंच केलं, पुन्हा आत गेले नाही.