पिशवीवाल्यांची बैठक

एकाच दुखण्याची चार माणसं जमली की किस्से साठायला वेळ लागत नाही. त्यातून दुखणं असं, की घरात बोलायची चोरी आणि बाहेर तर विचारूच नका! आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर शौचाची पिशवी लागलेले आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा सांगलीत जमतो. पिशवी सांभाळायला शिकवणाऱ्या सिस्टरांच्या छोट्या दवाखान्यात सतरंजी, चहा आणि गप्पा. आत आम्ही काय बोलतो ते बाहेरच्याने ऐकलं तर तो चहा तसाच ठेवून जाईल.

मी सुमन, गावभागात ब्लाउज शिवते. सुरुवात माझ्यापासूनच करते.

*

ऑपरेशनला महिना झाला होता. खालचा रस्ता डॉक्टरांनी काढून कायमचा शिवून टाकलेला. मी मशीनवर बसले आणि अचानक जोराची लागली. पूर्वी लागायची तश्शीच! कापड टाकून संडासात पळाले. पंधरा मिनिटं बसले. काही नाही.

बाहेरून आमच्या ह्यांचा आवाज, "अगं, तिथलं सगळं काढलंय ना? मग आत करतेस काय?"

"मला काय माहीत! काढलंय त्यालाच विचारा!"

*

बैठकीत मी हे लाजत लाजत सांगितलं, तर निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. प्रत्येकाला वाटत होतं की हे वेड फक्त आपल्यालाच लागलंय. मला त्या दिवशी इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

सिस्टर म्हणाल्या, "नसांना अजून बातमी पोचलेली नाही. त्या मेंदूला जुनेच निरोप पाठवतात. तसं वाटलं तर पाच मिनिटं निवांत जाऊन बसा. कुंथू नका. मन भरलं की उठा."

मेढ्याहून येणारे आमचे सुभेदार, फौजेतून रिटायर झालेले, बशीत चहा ओतत होते. ते एकदम म्हणाले, "म्हंजे चौकी उठवली, पर हेडक्वार्टरला कुणी कळवलंच न्हाई व्हय!"

*

इस्माईलभाईंची गोष्ट वेगळी. ते हळदीचे व्यापारी. त्यांची पिशवी काही महिन्यांपुरती होती आणि खालचा भाग जागेवरच होता. एकदा मार्केटात हळदीचा सौदा ऐन रंगात आलेला असताना त्यांना खाली भयंकर दाब आला. बोली लावणाऱ्या गर्दीतून वाट मिळावी म्हणून त्यांनी हात वर केला. पुकारणाऱ्याला वाटलं, भाईंनी भाव वाढवला! भाई संडासातून परत आले तोवर हळदीचा आख्खा ढीग त्यांच्या नावावर चढला होता.

भाईंना त्या ढिगाचं काहीच नव्हतं. त्यांनी तिथूनच सिस्टरांना फोन लावला. "आवं सिस्टर, पिशवी पोटावर आन् खालनं कायतरी शेंबडावानी पडलं. आपरेशन उसवलं का काय?"

सिस्टरांनी समजावलं, "आतडं रिकामं बसलं तरी चिकट पाणी सोडतं. ते साठलं की दाब येतो. जोर न करता बाहेर पडू द्या, बरं वाटेल. रक्त दिसलं, ताप आला, तर मात्र तडक डॉक्टरांकडे."

भाईंचा जीव भांड्यात पडला. "आणि हळद?" त्यांनी बैठकीत हे सांगितल्यावर मी विचारलं.

"हळद लय बेस निघाली, सुमनताई! आता समदे विचारत्यात, भाई, परत कवा कळ येनार?"

*

सुभेदारांचाही खालचा रस्ता माझ्यासारखाच शिवलेला, त्यामुळे त्यांना बसण्याचाच त्रास. एकदा ते मध्ये भोक असलेली रबरी रिंग घेऊन आले. सिस्टरांनी ती काढून घेतली, म्हणाल्या असल्या रिंगने जखमेवर ताण येतो, सपाट मऊ उशी घ्या. उशी शिवायचं काम अर्थातच माझ्याकडे. माझ्याकडे तेव्हा पोपटाच्या नक्षीचं कापड शिल्लक होतं.

सुभेदार उशीकडे बघतच राहिले. "ताई, बत्तीस वर्सं फौजेत काढली. आता पोपटावर बसू?"

"पोपटांची काही तक्रार नाही," मी म्हटलं. बसले बिचारे.

*

मग एका बैठकीत सुभेदारांनी चहाही घेतला नाही. लेकीचं, ऋतुजाचं, लग्न ठरलं होतं. आम्ही पेढे मागितले तर म्हणाले, "कन्यादानाला धाकट्या भावाला बसवतोय."

एकुलती एक लेक! मला फार वाईट वाटलं. सुभेदारांनी गावात पिशवीबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं. सख्ख्या भावालासुद्धा नाही.

"मांडवात कळ आली तर? समद्यांच्या म्होरं उठून पळू?"

"पळायचं कशाला?" सिस्टर म्हणाल्या. "पाच मिनिटं जाऊन यायचं."

"आन् तवर भटजी थांबतील व्हय? लगेच दुसऱ्याला बसवत्याल. अर्ध्यातनं उठवलेला बाप हून बसन्यापरीस आदीच न बसल्यालं बरं."

ऋतुजाच गाडी चालवत त्यांना सांगलीला आणायची. ती दाराशी चपला घालत उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "आप्पा, तुमीच बसायचं."

*

लग्नाला आम्ही झाडून सगळे मेढ्याला गेलो. अक्षता पडल्या. कन्यादानाला सुभेदार स्वतः बसले, शेजारी वहिनी. विधी निम्म्यावर आला आणि सुभेदार या मांडीवरून त्या मांडीवर सरकायला लागले. ते सरकणं आम्हाला पाठ आहे.

"आली!" इस्माईलभाई माझ्या कानात म्हणाले.

सुभेदार घामाघूम झाले. त्यांनी लेकीकडे बघितलं, उठले आणि मान खाली घालून मांडवाबाहेर गेले.

गुरुजींना पुढचं लग्न होतं. "अहो, असं मध्येच उठतात का? घरातलं दुसरं कोण आहे? बसवा पटकन!"

सुभेदारांचा भाऊ टोपी सारखी करत पुढे आला. तो पाटाकडे वाकतोय तोवर ऋतुजाने हातातला रुमाल काढला आणि एसटीत खिडकीतून टाकतात तसा बापाच्या पाटावर टाकला.

"जागा धरलीय, काका."

काका तसेच वाकलेले! गुरुजी म्हणाले, "अगं पण मुली..."

"येतील पाच मिनिटांत. तवर मी बी उठत न्हाई आन् पाटावर कुणी बसत बी न्हाई."

रुमाल टाकलेल्या जागेवर बसायची आमच्या भागात कुणाची छाती नाही. काका मागच्या पावली खुर्चीत जाऊन बसले. गुरुजी घड्याळ बघत राहिले. माझे डोळे भरून आले होते.

सुभेदार आले. पाटावरचा रुमाल बघून थबकले. मग त्यांनी तो उचलला, त्यालाच ओले हात पुसले, पाटावर ताठ बसले आणि गुरुजींचा माइक समोर आहे याचं जराही भान न ठेवता म्हणाले,

"काय न्हाई, फॉल्स अलार्म! चला गुरुजी, फुडं!"