वाक्याचं शेपूट

ताईचा आवाज कंपनीने नाकारला नव्हता. तो मी कापला होता. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर माझ्या कामाच्या खोलीच्या पलीकडेच असते.

मी आवाज देण्याचं काम करतो. जाहिराती, शेतीच्या औषधांचे माहितीपट, ऑनलाइन शिकवण्यांचे धडे. तुम्ही फोन लावल्यावर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारा जो माणूस असतो, तोही कधीकधी मीच. बरीच वर्षं मुंबईत काढली. मग घरी बसून काम पाठवता येईल असं इंटरनेट आलं, तसा रत्नागिरीला परतलो. मागच्या खोलीत गाद्या उभ्या केल्या, गोधड्या टांगल्या, मध्ये माईक लावला. मासेवालीची हाक आली की थांबायचं, शेजारचा मिक्सर लागला की थांबायचं. बाकी सुखाचं आहे.

लोकांना वाटतं, या धंद्यात आवाज हेच सगळं. निम्मं काम फायलींचं असतं. मुलांचा एक धडा म्हणजे शेकडो छोटी वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याची वेगळी फाईल, तिला वेगळं नाव. पूर्वी मी सगळं एका दमात बोलायचो आणि मग बसून तुकडे करायचो, नावं द्यायचो. एकदा नावं उलटसुलट झाली आणि गायीच्या चित्रावर बोट ठेवलं की 'वाघ' ऐकू यायला लागलं. त्यानंतर एक सॉफ्टवेअर घेतलं. त्यात मजकूर टाकला की एकेक वाक्य वेगळ्या ओळीत उभं राहतं. बटण दाबून बोलायचं, पुढच्या ओळीवर जायचं. नाव त्याचं ते देतं. चुकलेलं लाल, झालेलं हिरवं. शेवटी एकच बटण दाबलं की सगळ्या फायलींचा आवाज एकसारखा होतो, आणि वाक्याच्या मागची-पुढची शांतता छाटून फायली तयार. मूळ रेकॉर्डिंगला ते हात लावत नाही. ते वेगळ्या फोल्डरमध्ये तसंच पडून राहतं. हे शेवटचं लक्षात ठेवा.

ताई माझ्याहून मोठी, जयगडला दिलेली. बालवाडीत शिकवायची, आता निवृत्त आहे. यजमान गेले, मुलगा-सून पुण्यात. दाताच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणून ती आमच्याकडे राहायला आली होती, आणि नेमकं तेव्हाच एका कंपनीकडून मोबाईल अ‍ॅपसाठी लहान मुलांच्या गोष्टींचं काम आलं. आजीसारखा आवाज हवा होता. आजी समोर डाळ निवडत बसली होती.

"मी काय बोलणार रे त्यात? दात दाखवायला आल्ये मी."

"दात राहू दे. गोष्ट सांग."

तिने चष्मा लावून पहिली ओळ वाचली. "खेकडा काय लिहिलंय? कुर्ली म्हण की."

"पुण्यात खेकडा म्हणतात."

"म्हणोत बापडे. चावला म्हणजे सारखाच ओरडतील."

आणि ती सांगायला लागली. आमच्याकडच्या बोलण्यात एक हेल असतो. वाक्याच्या शेवटाला आवाज जरासा उचलला जातो आणि मग सावकाश खाली येतो. ताई शेवटचं अक्षर टाकून देत नाही, खाली ठेवते. "आणि मग खेकडा हळूऽच बिळात गेलाऽऽ." हा 'ला' इतका बारीक होत जायचा की तो कधी संपला ते कळायचं नाही. बालवाडीतली पोरं त्या 'ला'वरच झोपायची म्हणे.

सॉफ्टवेअर तिला फार आवडलं. "लाल म्हणजे चुकलं, हिरवं म्हणजे शाब्बास. बालवाडीच आहे की रे ही!" जाताना दात विसरून ती तेच बोलत होती. जयगडला तिने दुकानदारापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सांगितलं की आता माझा आवाज मोबाईलवर येणार, नातीने पुण्यात बटण दाबलं की आजी बोलणार.

मी शेवटचं बटण दाबलं, फायली पाठवून दिल्या. एकही ऐकली नाही. इतकी वर्षं तेच बटण दाबत होतो, त्यात ऐकायचं काय?

कंपनीच्या बाईंचं उत्तर आलं. आजी गोड आहेत, पण वाक्यं शेवटी गिळल्यासारखी वाटतात, पुन्हा करता येतील का?

मला लगेच कळलं. म्हणजे, कळलं असं वाटलं. हेल! मुंबईत पहिल्या स्टुडिओत मी तोंड उघडलं की काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणायचा, "आली, रत्नागिरीची बोट आली." सगळे हसायचे, मीही हसायचो. मग घरी आरशासमोर उभा राहून मी प्रत्येक वाक्य खिळा ठोकल्यासारखं संपवायला शिकलो. त्या शिक्षणावर माझं घर चाललं. त्यामुळे दोष कशात असणार, हे मला आधीपासूनच माहीत होतं. फाईल उघडून बघायची गरज वाटली नाही. ताईला फोन लावला.

"ताई, ते म्हणतात हेल चालत नाही."

"कुणाचा? माझा?"

"हं."

"बरं. तू त्यातला माणूस, तू सांगतोस म्हणजे तसंच असेल. मग आता गोष्टी कोण सांगणार?"

"मीच करतो."

"हां, तुझं शुद्ध आहे." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गोष्टी माझ्या आवाजात करायला बसलो. एका ओळीवर चुकून तिचं मूळ रेकॉर्डिंग वाजलं. "...बिळात गेलाऽऽ." अख्खं, शेवटच्या श्वासापर्यंत. मी थांबलो. पाठवलेली फाईल लावली. "...बिळात गेल." पुढे काही नाही. दुसरी लावली, तिसरी लावली. सगळीकडे तेच. शेपूट तोडलेल्या पालींसारखी वाक्यं.

किती हळू आवाज आला की त्याला शांतता समजायचं, याचा एक आकडा त्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. तो मी माझ्या आवाजासाठी लावला होता, खिळा ठोकून संपणाऱ्या वाक्यांसाठी. ताईचा 'ला' त्या आकड्याखाली गेला की सॉफ्टवेअरच्या लेखी ती बोलायची थांबली होती. त्याचा दोष नाही. शांतता कशाला म्हणायचं, हे त्याला मीच सांगून ठेवलं होतं. आणि त्या बाई हेलाबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. वाक्यं तुटतात, एवढंच त्यांनी कळवलं होतं, आणि ती तुटलेली होतीच.

आकडा बदलायचा, बटण दाबायचं, फायली परत पाठवायच्या. चहा निवेपर्यंत झालं असतं. मी केलं नाही. बाईंना सांगावं लागलं असतं की न ऐकता पाठवलं. ते सांगितलं असतं मी, धंद्यात अशा चुका होतात. पण ताईला काय सांगणार? की तुझा हेल वाईट, हे कुणी म्हटलंच नव्हतं, ते माझ्याच मनातून आलं? मी माझ्या आवाजात गोष्टी पूर्ण केल्या. बाई म्हणाल्या, छान. ताईच्या नातीने पुण्यात बटण दाबलं तेव्हा मी बोललो.

पुढे बऱ्याच दिवसांनी जयगडला जेवायला गेलो होतो. ताई बांगडे तळत होती, तेवढ्यात नातीचा व्हिडिओ कॉल आला. रोज या वेळेला आजीची गोष्ट असते. ताईने गॅस बंद केला, हात पुसले, पदर सारखा केला, फोन समोर धरला.

"एके दिवशी एक खेकडा समुद्रकिनारी फिरावयास गेला. तेथे त्याला एक बगळा दिसला."

प्रत्येक वाक्याच्या शेवटी खिळा. माझाच. मी पानावर बसून ऐकत होतो.

"आजी, तू बातम्या का सांगतेस?" पोर वैतागली होती. "पहिल्यासारखं सांग ना! कुर्ली सांग!"

"पहिलं अशुद्ध होतं गो. विचार हवं तर, हे बघ मामाआजोबाच बसलेत." आणि तिने फोन माझ्याकडे वळवला.

"आजी छान सांगते की," मी म्हटलं.

"नाही," नात म्हणाली. "तुम्ही पण बातम्याच सांगता."

ताई खूप हसली. "बघ, शुद्ध बोलून दोघांची सारखीच किंमत!" मग तिने गॅस पुन्हा लावला आणि मला गरम बांगडा वाढला. गोष्ट त्या दिवशी अर्धीच राहिली. आता नात फारशी मागत नाही, असं ताईच म्हणाली, जेवताना, आमटी वाढत. "मोठी झाली," म्हणाली. पोर सहा वर्षांचीही नव्हती.

घरी आल्यावर मी तो आकडा बदलला आणि ताईच्या सगळ्या गोष्टी मूळ रेकॉर्डिंगवरून पुन्हा काढल्या. शेपटांसकट. त्या माझ्या फोनमध्ये आहेत. फोन खिशात घेऊन त्यानंतर मी अनेकदा जयगडला गेलोय. एकदा तर फोन काढून हातातही धरला, तोंड उघडलं.

"चार्जर हवाय काय रे?" ताई म्हणाली.

"हो," म्हटलं. तिने चार्जर आणून दिला. मी भरलेला फोन पुन्हा चार्जिंगला लावला.

गोष्टी नुसत्या पाठवून देता येतील. एक बटण दाबलं की पोचतील, तीही ऐकेल, नातही ऐकेल. पण मग ती विचारेल, हे तर चांगलं आहे रे, मग त्यांना का चाललं नाही? आणि तिथे मी पुन्हा काहीतरी छाटून सांगेन, मला माझा भरवसा नाही. हे छापून आलं तर कुणीतरी तिला वाचूनही दाखवेल. तेही पुरणार नाही.

ताई, तुझ्या बोलण्यात दोष नव्हता, चूक माझी होती, आणि ती कळल्यावरही मी गप्प बसलो. एवढं तिच्यासमोर बसून, शेवटच्या अक्षरापर्यंत सांगायचं मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.