गच्चीवरचे घावणे आणि तीन व्ह्यू

रविवारी सकाळी सव्वाअकराला परबकाकांचा फोन आला. आवाज इतका खाली, की मला वाटलं घरात कुणी आजारी आहे.

"शुभांगी, गच्चीवर माणसां जमली हत. घावणे मागतत."

कसली माणसं, मी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. 'घावणे महोत्सव' कुठे आहे असं विचारत एकेक जण वर येतोय, लिफ्टला रांग लागलीय आणि सोसायटीचे सेक्रेटरी खाली वॉचमनवर खेकसतायत, एवढंच ते सांगू शकले. त्या महोत्सवाची बातमी मी शुक्रवारी वाचली होती आणि हसून सोडून दिली होती.

मी बोरीवलीतल्या एका छोट्या साप्ताहिकाची संपादक. एकोणीस वर्षं हेच करतेय. पाणी कुठल्या दिवशी येणार नाही, कुठला रस्ता पुन्हा खणलाय, नॅशनल पार्काच्या भिंतीलगत रात्री दिसला तो बिबट्या की कुत्रा, अशा बातम्या. मोठे पेपर ज्याला हात लावत नाहीत, त्या. परबकाका आमची पानं लावतात, म्हणजे मजकूर आणि फोटो पानावर बसवतात. हल्ली वेबसाइटची पानंही तेच करतात.

मजकूर हातात नसेल तर जागा भरायला काहीतरी खोटंनाटं टाकतात. त्याला डमी म्हणायचं. बाकीचे लोक अआइई टाकून मोकळे होतात. काका मात्र नेहमी जेवणाआधी पान लावतात आणि त्या घटकेला जे खावंसं वाटतं त्याची बातमी लिहितात. 'तिसऱ्यांच्या सुक्याला उत्स्फूर्त प्रतिसाद' हे शिंपल्यांच्या भाजीचं शीर्षक मी निदान दहा वेळा वाचलंय. त्या शुक्रवारी आम्ही स्थानिक कार्यक्रमांसाठी नवीन पान बनवत होतो. त्यात ठिकाण आणि वेळ भरल्याशिवाय पान पुढे सरकतच नव्हतं. काकांनी स्वतःच्याच सोसायटीचा पत्ता टाकला. रविवार, सकाळी अकरा, गच्ची, घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार, प्रवेश मोफत. हे फक्त टेस्ट पेज होतं. वेबसाइटवर त्याची लिंक कुठेच नव्हती.

त्याच दुपारी मला वांद्र्याला बीकेसीत जायचं होतं. तिथल्या एका मोठ्या सोशल मीडिया कंपनीने बातम्यांसाठी पेपरवाल्यांना पैसे द्यायचं ठरवलं होतं आणि त्यांची यादी सोमवारी बंद होणार होती. आमचे मालक जिग्नेशभाई मला दारापर्यंत सोडायला आले. "बघा ना बेन, यादीत नाव आलं तर चालवू. नाही आलं तर पुढच्या महिन्यापासून बंद," म्हणाले. माणूस वाईट नाही. पण बोलले की बोलले. आम्ही चौघं त्या साप्ताहिकावर जगतो, आणि खरं सांगायचं तर मला दुसरं काही येतही नाही.

कंपनीतली मुलगी तन्वी. हुशार, गोड बोलणारी. मीही बोरीवलीचीच, असं तिने सांगितलं तेव्हा मला उगाच आशा वाटली. पण पुढे तिने मला शांतपणे गुंडाळून ठेवलं. ती म्हणाली, लोक तुमच्या लिंक स्वतःहून टाकतात, आम्ही काही उचलत नाही. उलट आम्ही तुमच्याकडे फुकटात वाचक पाठवतो. मग पैसे नक्की कशाचे?

मी म्हटलं, दुकानाचा पत्ता सांगणं वेगळं आणि दुकानातला माल बाहेर उभं राहून वाटणं वेगळं. तुमच्या फीडमध्येच, म्हणजे मोबाइलवर सरकवत बघता त्या पडद्यावरच, बातमीचा सगळा सारांश वाचायला मिळतो. मग आमच्याकडे येईल कोण?

"मॅडम, असं होतं हे दाखवणारा डेटा आहे का तुमच्याकडे?"

नव्हता. सोमवारपर्यंत मिळाला तर पाठवते, म्हणून मी निघाले.

तर असा तो रविवार. रिक्षा करून मी काकांच्या सोसायटीत पोचले. गच्चीवर दीडशे तरी माणसं असतील. काकांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, घरच्या चौघांपुरतं पीठ भिजवलं होतं. पण मी पोचेपर्यंत मजल्यामजल्यावरून तांदळाचं पीठ आणि बिडाचे तवे वर आले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या शाहबेननी ढोकळ्याचं ताट आणून ठेवलं. सेक्रेटरी भांडायला वर आले होते म्हणे, ते आता वाटप करत होते. मी काकांना म्हटलं, माफी मागून सगळ्यांना परत पाठवूया. काकांनी कमरेला टॉवेल गुंडाळलेला आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा.

"इले आसत तर खावनच जातले," ते म्हणाले आणि वळले.

रांगेत तन्वी उभी होती, वडिलांबरोबर. तिचे बाबा सावंतवाडीचे, घावण्यांचं नाव वाचून तिला ओढत घेऊन आलेले. मी त्यांना विचारलं, काका, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी लगेच मोबाइल पुढे केला. तन्वीच्या कंपनीचंच फीड. वर 'तुमच्या परिसरात आज', खाली आमची डमी, पत्त्यावेळेसकट, चार ओळींत. आमचं नाव नाही. नुसतं 'स्थानिक माध्यमांनुसार'.

मी कठड्याला टेकून माझा मोबाइल उघडला. कुठलं पान किती वेळा उघडलं गेलं ते आम्हाला दिसतं, त्याला व्ह्यू म्हणतात. त्या टेस्ट पेजचे व्ह्यू होते तीन. एक काकांचा, दोन माझे. मी तो आकडा तन्वीसमोर धरला.

"तू म्हणालीस, तुम्ही वाचक पाठवता. पाठवलेस ना, पण गच्चीवर."

तिच्या तोंडात घावणा होता. तो तिने गिळला. मग म्हणाली, "पण मॅडम, बातमी तर खोटी होती."

"शुक्रवारी होती. आता तुझ्या ताटात आहे."

तिचे बाबा हसले आणि मग तीही हसायला लागली. इतकी हसली की सांबार सांडलं. स्क्रीनशॉट आजच्या आज पाठवा, म्हणाली. मी तिथेच, पिठाच्या बोटांनी पाठवला.

चूक आमचीही होती. वेबसाइट आपल्या सगळ्या पानांची एक यादी मशीनसाठी आपोआप करून ठेवते आणि टेस्ट पेज त्या यादीत गेलं होतं. कंपनीच्या मशीनने ती यादी वाचली, पान उचललं, सारांश केला. माणूस कुठेच मध्ये नव्हता. पुढच्या अंकात आम्ही ही चूक पहिल्या पानावर कबूल केली. त्यावर सगळ्यात जास्त पत्रं आली, पुढचा महोत्सव कधी म्हणून.

आमचं नाव कंपनीच्या यादीत आलं. मिळतं ते फार नाही, पण साप्ताहिक चालू आहे, चौघंही आहोत, आणि सारांशाखाली आता आमचं नाव असतं. जिग्नेशभाईंनी परबकाकांना पेढे दिले आणि त्याच दमात ताकीदही.

प्लॅटफॉर्मनी पैसे द्यावेत की नाही, यावर हल्ली मला चर्चेला बोलावतात. मी घावण्यांची गोष्ट सांगते आणि खाली बसते. काका अजूनही डमी लिहितात. फक्त आता दर वेळी एकच बातमी असते: सोसायटीची वार्षिक सभा, रविवारी सकाळी अकरा, सर्व सभासदांनी अवश्य उपस्थित राहावे. अजूनपर्यंत एकही माणूस आलेला नाही.