मेणकागदातली दशमी

आदिलाबादच्या तहसील कचेरीत उद्धवराव नावाचे एक अहलकार होते. अहलकार म्हणजे कारकूनच, पण निजाम सरकारात कारकुनालाही अहलकार म्हटलं की त्याची छाती दोन बोटं पुढं यायची. उद्धवरावांची छाती मात्र मूळचीच आत. त्यांचं सगळं मोठेपण पोटात होतं आणि ते पोट कडक सोवळ्याचं होतं. परक्याच्या हातचं पाणीसुद्धा त्यात कधी शिरलं नव्हतं.

घरी बसून सोवळं कुणीही पाळील. खरी परीक्षा दौऱ्यावर. तहसीलदारसाहेब निघाले की उद्धवरावांनाही दप्तर काखेत मारून गुडीहत्नूर, नेरडीगोंडा पालथं घालावं लागे. बायको सुभद्रा होती तोवर चिंता नव्हती. ती दुधात पीठ मळून दशम्या बांधून द्यायची. पाण्याऐवजी दुधात मळलं की पिठाला विटाळ होत नाही, प्रवासात चालतं. हे शास्त्र कुणी लिहिलं कोण जाणे, पण लिहिणारा दौऱ्यावरचा कारकूनच असला पाहिजे.

मग सुभद्रा तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. घरी उद्धवराव कसाबसा भात शिजवत. तो खालून करपलेला आणि वरून कच्चा कसा राहतो, हे कोडं त्यांना कधी सुटलं नाही. दौऱ्यावर तर सरळ उपासच. नेरडीगोंड्याच्या पाटलाची आई जयवंताबाई दर वेळी ज्वारीची भाकर घेऊन चावडीपाशी उभी राही.

"रावसाब, दोन घास खा ना. तोंड पहा कसं सुकलं!"

"नको बाई. आमाले चालत नाही."

"काऊन चालत नाही? भाकरीले काटे हायेत का?"

अशात बाजारातल्या चिंतामणीच्या दुकानात हैदराबादेहून मोटरीनं डबलरोटी, म्हणजे मेणकागदात गुंडाळलेला पाव, यायला लागली. कोणत्या कारखान्याची ते चिंतामणीलाही धड ठाऊक नव्हतं, पण तिचं कौतुक तो पोटच्या पोरीसारखं करी.

"पंत, मशीनीवर बनते. मानसाचा हात लागत नाही. आन् हे वाचा, मले काई उर्दू येत नाही."

उद्धवरावांनी मेणकागदावरची अक्षरं वाचली. 'खालिस दूध की रोटी.' म्हणजे निव्वळ दुधाची. ते दुकानाच्या पायरीवर थबकलेच. दुधात मळलेली, हात न लागलेली! म्हणजे दशमीच की! उलट सवाई दशमी. सुभद्रेच्या दशमीला निदान सुभद्रेचा हात लागायचा.

त्या दिवसापासून दौऱ्यावर कागदातली दशमी. मोटर धूळ खात येईपर्यंत रोटी शिळी झालेली असे आणि उद्धवराव ती पुढं आठवडाभर पुरवत. चावली की दातांना कापसासारखी चिकटे, गिळली की पोटात मातीच्या गोळ्यासारखी बसे. पहाटे लोटा घेऊन निघालेले उद्धवराव ऊन डोक्यावर आलं तरी परतत नसत. तहसीलदारसाहेब खोळंबून राहत. कडेला हिरवी बुरशी आली तर "कागदाचा रंग लागला" म्हणून ते ती नखानं खरवडत. सोवळ्यासाठी माणसानं एवढं सोसायलाच हवं.

एकदा नेरडीगोंड्याच्या चावडीत आबकारीचे दारोगा हणमंतराव मुक्कामाला होते. दारूवर देखरेख ठेवता ठेवता तिच्याशी घरोबा झालेला मोकळा माणूस. उद्धवरावांनी कागद सोडला तशी त्यांनी नाक वर केलं.

"पंत, शिंदी कधीपासून घेऊन राह्यले?"

"राम राम! काय बोलता?"

"पेत नाही, खाता. फरक काय? हा मैदा फुगते कशानं वाटते तुमाले? शिंदीच्या आंबवनानं. घागरी भरभरून जाते कारखान्यात, परवाना आमच्याच खात्याचा. पांढरी दिसावी म्हून तुरटी. साच्याले चिकटू नये म्हून चरबी."

"आणि दूध?"

"दूध कागदावर असते, पंत!"

हणमंतराव मांडीवर थाप मारून हसले. कशाची चरबी, हे उद्धवरावांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

घरी आल्यावर त्यांनी अंगावर घागरीमागून घागरी ओतल्या. अंग धुतलं गेलं, पोट कसं धुणार? मग त्यांनी स्वतः दशमी करायचं ठरवलं. पीठ घेतलं, दूध घेतलं आणि बसून राहिले. दूध कोमट घ्यायचं की गार? मीठ घालायचं का? इतकी वर्षं खाल्ली, पण चुलीपाशी बसलेल्या सुभद्रेच्या हातांकडं त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. पीठ परातीला चिकटलं, बोटांना चिकटलं, शेवटी तव्याला चिकटलं. खरवडून निघालं ते गाईनंही हुंगून सोडलं.

पुढच्या दौऱ्याच्या सकाळी ते चिंतामणीच्या दुकानापुढून दोनदा गेले. तिसऱ्यांदा आत शिरले. दुसरं काय करणार? जयवंताबाईची भाकर खावी, तर ती बातमी त्यांच्या आधी आदिलाबादेत पोचली असती आणि सुभद्रेच्या श्राद्धाला पानावर एकही ब्राह्मण बसला नसता. रोटीचं बिंग जाणणारा एकटा दारोगा. आणि त्याचं कोण खरं मानतो?

नेरडीगोंड्याला चावडीत भिंतीकडं तोंड करून त्यांनी मेणकागद सोडला. नाकाला आंबूस वास आला. तो पूर्वीही येत असणार. डोळे मिटून त्यांनी घास तोंडात टाकला, तोच मागून जयवंताबाईचा आवाज आला. आज ती नव्या सुनेला घेऊन आली होती.

"पाह्य पोरी, याले म्हनतात सोवळं! उपाशी मरतीन, पन दुसऱ्याच्या चुलीचं शिवनार नाहीत. पड पाया."

सून वाकली. उद्धवरावांना घास गिळवेना, थुंकवेना. आशीर्वादाला त्यांनी नुसताच हात वर केला. जयवंताबाईच्या टोपलीतली भाकर आत्ताच तव्यावरून उतरलेली होती. तिचा खरपूस वास आंबूस वासाला बाजूला सारून थेट पोटात उतरत होता.

"बाई," घास कसाबसा खाली ढकलून ते म्हणाले, "ती टोपली... जरा लांब ने."

"चुकलंच रावसाब," म्हणत जयवंताबाईनं जीभ चावली, आणि टोपली पदराखाली झाकून ती लगबगीनं चावडीची पायरी उतरली.